आधी कौलं, मग रंग

घरात लग्न निघालं की जुन्या वाड्याला रंग लागतो. दर्शनी भिंत घासून तिच्यावर चकचकीत ऑइलपेंट चढतो, खालच्या तीन फुटांना फरशीची पट्टी लागते आणि चौकातली जुनी फरसबंदी उखडून तिथे सिमेंटचा कोबा होतो. मांडव उतरेपर्यंत वाडा देखणा दिसतो. पुढच्या श्रावणात मात्र रंगाला फोड येतात, फरशीच्या पट्टीच्या वर ओलीची रेघ उमटते, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणतं, "आता यात काही राम राहिला नाही, बिल्डरला देऊन टाकू."

पुण्याच्या पेठांत, वाईत, सासवडला, नाशिकच्या जुन्या गावठाणात अनेक वाडे याच वाटेने गेले. पैसा खर्च झाला नाही असं नाही. तो उलट्या टोकाने खर्च झाला. वाड्याला मरण दोन बाजूंनी येतं, वरून कौलांतून आणि खालून जोत्यातून, म्हणजे घराच्या दगडी चौथऱ्यातून. रंग या दोन्हींच्या मधल्या भागाला लागतो. दुरुस्तीचा क्रम म्हणून ठरलेला आहे: कौलं, पाण्याचा निचरा, लाकूड, भिंत, आणि सगळ्यांत शेवटी रंग. हातात पैसे थोडे असतील तर यादी वरून सुरू करावी आणि पैसे संपतील तिथे थांबावं. रंगापर्यंत पोहोचलो नाही तरी वाडा पडत नाही.

वाडा म्हणजे नेमकं काय, हे या मुलखातल्या तीन आपत्तींनी उघडं करून दाखवलं आहे. पहिली आगीची. २७ फेब्रुवारी १८२८ ला शनिवारवाड्याला आग लागली. पेशव्यांच्या त्या राजवाड्यात आज उभं राहिलं की दिसतात ती दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि तटबंदी. मधलं सगळं गेलं, कारण मधलं सगळं सागवान होतं. वाड्याचा भार वाहतो तो हा सांगाडा: खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर कोरीव हस्त, त्यावर तुळई, तुळईवर फूट-दीड फुटावर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटावर मातीचा थर देऊन केलेली जमीन. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुन्या लोकांनी घर मोजलं ते खणांत. आजही वाड्याचा नकाशा काढताना चौरस फुटांत शिरण्याआधी खण मोजावेत. कुठला खांब नंतर घातलेला आहे आणि कुठला मूळचा काढून टाकला आहे ते लगेच कळतं.

दुसरी आपत्ती पाण्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे तासा-दोन तासांत खाली बसले. जोत्यापर्यंतचा घडीव दगड जागेवर राहिला. त्यावरच्या मातीच्या, भेंड्याच्या, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती पाणी पिऊन विरघळल्या. भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली, न भाजलेली वीट. पांढरीच्या मातीची अशी भिंत कोरडी असेतो शंभर-दोनशे वर्षं टिकते. उन्हाळ्यात आत गारवा देते आणि थंडीत ऊब. तिची एकच अट आहे, पाय कोरडे ठेवा आणि डोकं झाका.

तिसरी भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट छपराच्या, मातीखाली. धाबं गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा नवा थर पडत गेला होता. दीड फूट माती म्हटली तरी एका चौरस मीटरवर सातशे किलोंचं ओझं होतं. भिंत दिसायला दोन-तीन फूट जाड, पण आतून ती दोन पातळ भिंतींची जोडी असते. मध्ये दगडगोटे आणि मातीची भर. आरपार जाणारे दगड घातलेले नसतील तर हादऱ्यात हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि एक आत, एक बाहेर पडतो. बऱ्याच घरांत भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. म्हणून अशा भिंतीची दुरुस्ती करताना सव्वा मीटरच्या आत आडव्या अंतरावर आणि साधारण दोन-दोन फूट उंचीवर आरपार दगड बसवतात. दगड मिळाला नाही तर भोकात सळई ठेवून काँक्रीट भरतात. धाब्याची जादा माती खरवडून काढतात. सांगाडा जपायचा आणि भिंत बांधून ठेवायची, इतकाच किल्लारीचा धडा वाड्यालाही लागू पडतो.

आता कौलं. कोकणात घर शाकारणं हा वैशाखातला ठरलेला उद्योग असतो. देशावर त्यालाच कौलं चाळणं म्हणतात. चाळायचं म्हणजे सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा आणि वासे तपासायचे आणि पुन्हा रचायची. नळीची कौलं असतील तर हे दरवर्षी करावं लागतं, कारण माकडं, मांजरं आणि वारा ती सरकवत असतात. मंगळुरी कौलं एकमेकांत अडकतात, त्यामुळे त्यांना दोन-तीन वर्षांनी हात लावला तरी चालतो. मंगळुरी कौल एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. शंभर चौरस मीटरच्या पाखाला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, दीड हजार धरा आणि शंभर-दीडशे शिल्लक ठेवा. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, त्यांच्या खाचा जुळत नाहीत. पाडलेल्या घराची त्याच छापाची कौलं मिळाली तर घेऊन ठेवावीत, पुढे उपयोगी पडतात.

गळती बहुधा पाखाच्या मधोमध नसते. ती आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, दोन पाखं मिळतात त्या पन्हळीत आणि पाख जिथे भिंतीला टेकतं तिथे असते. पन्हळ पत्र्याची असेल तर तिचा सांधा किमान सहा इंच एकावर एक हवा आणि तिच्यात बसणारी पानं मृगाआधी काढायलाच हवीत. आढ्याची कौलं सिमेंटमध्ये गच्च बसवायची सवय लागली आहे, ती मोडावी. लाकूड उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही, मग सांधा तडकतो आणि पाणी नेमकं आढ्याच्या लाकडावर उतरतं. तिथे तागाचे तुकडे घातलेला चुना चालतो. कौलांवर निळं प्लास्टिक टाकून वर टायर ठेवणं हा एका पावसाचा इलाज आहे. चौथ्या-पाचव्या पावसालाही तेच प्लास्टिक असेल तर खालचं लाकूड घामेजून कुजत आलेलं असतं.

खाली उतरलं की पागोळ्या बघाव्यात. वळचणीचं पाणी जोत्यापासून निदान दोन फूट लांब पडायला हवं आणि पडलेल्या जागेला बाहेरच्या बाजूने उतार हवा. जुन्या चौकांना निचऱ्याची मोरी असते; ती पुढे कधीतरी बुजलेली असते. रस्त्याचं डांबर दर काही वर्षांनी थरावर थर चढत गेल्याने आज अनेक वाड्यांचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला आहे. दिंडी दरवाजातून पाणी आत येतं ते या कारणाने. त्यावर भिंतीला काही लावून उपयोग नाही. बाहेर भिंतीलगत फूटभर रुंद चर खणून तो खडीने भरणं आणि पाणी गटाराकडे काढून देणं, हे काम रंगाच्या खर्चापेक्षा स्वस्त आणि शंभर पटीने मोलाचं आहे.

आणि सिमेंट. सिमेंटबद्दल इतक्या ठामपणे लिहावं लागतं कारण वाड्यांचं जितकं नुकसान सद्भावनेने लावलेल्या सिमेंटने झालं तितकं बेपर्वाईनेही झालं नसेल. माती आणि चुन्याची भिंत जमिनीतलं थोडं पाणी नेहमीच ओढते आणि अंगावाटे हवेत सोडते. सिमेंटचा गिलावा किंवा फरशी लावली की ते दार बंद होतं. पाणी वर सरकत राहतं, जिथे मोकळी भिंत सापडेल तिथे बाहेर पडतं आणि सोबत आणलेला क्षार तिथे सोडतं. यालाच लोणा लागणं म्हणतात. दोन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते ती अशी. वाईट गोष्ट पुढेच आहे: भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं त्या ओलीत कायमची बुडतात. बाहेरून भिंत गुळगुळीत, आत तुळईचा भुसा.

सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोड्याने, हळू. ड्रिलने नाही, त्याच्या हादऱ्याने गिलाव्याबरोबर भिंतीचा चेहराही निघून येतो. काढल्यावर लगेच चुना लावू नये. भिंत वाळू द्यावी. ढोबळ हिशेब असा की दर इंच जाडीला एक महिना. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी वर्षभर घेते. हे वर्ष कुणाला परवडत नाही, आणि नेमकं इथेच काम बिघडतं. वाळण्याच्या काळात क्षाराची पांढरी बुरशीसारखी लव आली तर कोरड्या कुंच्याने झाडून बाहेर टाकावी. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा आत जातो.

चुन्याचं काम करणारे गवंडी कमी उरलेत, तरी हे काम गूढ नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला ताजा दगड, आधी पाण्याने भरलेल्या टाकीत सोडायचा. चुना पाण्यात घालायचा; चुन्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तो करपतो आणि त्यात खडे राहतात. पाणी उकळू लागतं, वाफा येतात. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे हवेतच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून खड्ड्यात साठवायचा आणि त्यावर चार बोटं पाणी सतत उभं ठेवायचं. किमान तीन आठवडे, जमल्यास तीन महिने. नीट न विरलेला कण गिलाव्यात गेला तर तो महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फुगतो आणि भिंतीवर देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात.

आतल्या गिलाव्याला एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू. ओलीच्या जागी एक भाग चुना, एक भाग सुर्खी, दोन भाग वाळू. सुर्खी म्हणजे विटकरीची पूड, पण ती कमी भाजलेल्या विटेची हवी. आजच्या कडक भाजलेल्या विटेची पूड नुसती भर होते, चुन्याशी तिची क्रिया होत नाही. पहिल्या थरात तागाचे किंवा अंबाडीचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. एक थर बारा ते पंधरा मिलिमीटरच्या वर नको. दोन थरांत आठवडा-दहा दिवसांचं अंतर, आणि तोवर भिंतीवर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. झटपट वाळला तर त्याची नुसती पूड होते. म्हणून हे काम दिवाळी ते शिवरात्र या काळात करावं. एप्रिलच्या उन्हात केलेला चुन्याचा गिलावा हाताने घासला की पिठासारखा झडतो आणि मग दोष चुन्याला मिळतो.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी यांच्याबद्दल फार बोललं जातं. ते घालत असत, आणि त्यांचा उपयोगही आहे. गुळाने माल लवचीक होतो, हिरड्याने पाणी थोडं अडतं. पण न मुरलेल्या चुन्यात कितीही बेलफळं घातली तरी गिलावा सुधारत नाही. गूळ जास्त झाला तर माल घट्टच होत नाही आणि मुंग्या लागतात. खरं बळ मळण्यात आहे. पूर्वी बैलाच्या घाण्यात चुना तासन्‌तास दळला जाई. आज दोन दगडी चाकांचं मळणीयंत्र मिळालं तर उत्तम, नाहीतर मिक्सरमध्ये किमान वीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाणी वाढवून माल सैल करण्याचा मोह गवंड्याला नेहमी होतो. तो आवरायला कुणीतरी तिथे उभं राहावं लागतं. सगळी भिंत धरण्याआधी एक मीटर चौरसाचा नमुना लावून तीन आठवडे थांबावं. तडे गेले तर वाळू कमी-बारीक आहे किंवा पाणी जास्त आहे. भुकटी झाली तर ओलावा कमी पडला.

लाकडाचं निदान कानाने आणि टोचणीने होतं. खांबावर हातोडीच्या दांड्याने वर-खाली ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत, बद्द आवाज आला तर आत पोकळी. तुळईची दोन्ही टोकं भिंतीत शिरतात तिथे पातळ स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. अर्ध्या इंचाहून खोल सहज गेला तर टोक कुजलं. खांबाचा तळही असाच तपासावा. तळखड्यावर उभा असलेला खांब कोरडा राहतो, म्हणूनच तो दगड तिथे आहे. पण नव्या कोब्याने जमीन चार इंच चढवली की तळखडा पुरला जातो आणि खांब ओल्या सिमेंटमध्ये उभा राहतो. कोबा फोडून तळखडा मोकळा करणं ही वाड्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित दुरुस्ती आहे.

एका टोकाची फूटभर लांबी कुजली म्हणून अख्खी तुळई बदलायची नसते. आधी टेकू. टेकूखाली जाड फळी, वर पाचर. जॅक हळूहळू, दिवसाला काही मिलिमीटर. शंभर वर्षांत बसलेला वाडा एका दुपारी सरळ करायला गेलं तर दुसऱ्या खणातले सांधे उखडतात. मग कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून तिथे त्याच जातीचं, वाळलेलं, जुनं सागवान तिरक्या सांध्याने जोडायचं. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान अडीच-तीन पट हवी. बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे. मूळ सांधे कुसू आणि खाचेचे, लाकडी खुंटीने अडकवलेले असतात. ते हादऱ्यात थोडे हलतात आणि पुन्हा बसतात. त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकून जाम केलं तर ते हलणं बंद होतं आणि लाकूड फाटतं. नवं टोक भिंतीत ठेवताना त्याच्या तिन्ही बाजूंना बोटभर हवा मोकळी ठेवावी. वाळवीचं औषध मारण्याआधी वाळवीची वाट शोधावी. ती जमिनीतून मातीच्या नळीने चढते. ओल थांबवली नाही तर औषधाचा असर जाईल, वाळवी राहील.

पिंपळाचं रोप भिंतीत उगवलं की लोक ते हिसडून काढतात. मूळ आतल्या दगडांना धरून असतं, रोपाबरोबर दगडही येतात, आणि उरलेलं मूळ पुढच्या पावसात दुप्पट फुटतं. बुंधा कापावा, कापल्या कापल्या खोडावर आणि मुळावर तणनाशक ब्रशने लावावं, मूळ पूर्ण वाळू द्यावं आणि मग पोकळीत चुना-सुर्खीचं पातळ द्रावण भरावं. भरताना खालून वर जावं. दीड-दोन फुटांवर भोकं पाडावीत, आधी पाण्याने धुवावीत, आणि वरच्या भोकातून द्रावण डोकावलं की खालचं बंद करावं. दाब हाताच्या पंपाचाच. यंत्राचा दाब भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून ढकलून देतो.

राहत्या वाड्यात आणखी दोन गोष्टी सतत नुकसान करत असतात. एक वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर. कडीपाटावर मातीचा थर, त्यावर फरशी, आणि फरशीखालून झिरपणारं पाणी. वर्षानुवर्षं कुणाला दिसतही नाही. संडास-न्हाणी मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर उभ्या केलेल्या भागात न्यावी आणि सांगाड्याला जोडू नये. दुसरी गोष्ट पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचं एक टन वजन, तेही एकाच खणावर. ती चौकात जमिनीवर ठेवून लहान पंप लावावा. विजेच्या तारांबद्दल एवढंच, की लाकडावरून उघडी वायर नको, नळीतून हवी, आणि गळतीला बंद पडणारा स्विच हवाच. १८२८ साली शनिवारवाडा, १८७९ साली बुधवार वाडा. पुण्यात आगीत गेलेल्या वाड्यांची आठवण फार जुनी नाही. १८७९ च्या त्या आगीत विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला होता, पण तो पुन्हा उभा केला गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली ती सुरूच्या आकाराच्या खांबांची, कोरीव सज्जाची लाकडी दर्शनी बाजू आज बाजीराव रस्त्यावरून जाताना दिसते, याचं कारण त्या वेळी कुणीतरी पडझड विकून टाकायचं नाही असं ठरवलं.

आता कागद. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींचे नियम केले, देशात पहिल्यांदा. नंतर पुण्यानेही यादी केली. पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेण्या असतात आणि श्रेणीप्रमाणे बदलाची मुभा कमी-जास्त होते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा कायदा लागतो, केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा. त्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढे दोनशे मीटर परवानगीने. शनिवारवाड्याजवळच्या जुन्या घरांना याचा जाच होतो हे खरं, पण त्यांतल्या अनेकांना एक गोष्ट ठाऊक नसते: त्या शंभर मीटरांतही दुरुस्ती आणि डागडुजीची परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडे मागता येते; तो ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर देतो. अर्जासोबत आजची मोजणी, फोटो आणि कामाचा तपशील लागतो. म्हणून काम काढण्याआधी मोजणी. प्रत्येक खांबाला, तुळईला खडूने क्रमांक, तोच क्रमांक नकाशावर, तोच फोटोत. उद्या सांगाडा उतरवायची वेळ आली तर हेच क्रमांक तो पुन्हा जागेवर बसवतात.

यादीत नाव गेलं की वाडा वाचला, हा समज मात्र सोडून द्यावा. यादी पाडण्याला अडथळा आणते. गळणाऱ्या कौलाला नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती दशकानुदशकं तशीच राहिली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे. चाळीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. त्यात एक कौलही येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला ती करायचा हक्क नाही असं वाटतं, आणि दोघांच्या मधून पाणी गळत राहतं. अशा ठिकाणी काम झालेलं दिसतं ते मालक आणि भाडेकरू यांनी लेखी ठरवून खर्च वाटून घेतला तेव्हाच: छप्पर मालकाचं, आतला गिलावा राहणाऱ्याचा, आणि झालेल्या खर्चाने कुणाचा हक्क वाढणार नाही की कमी होणार नाही, हे एका ओळीत लिहिलेलं.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली की घाबरून सही करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येणाऱ्या या नोटिशीत इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची; सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची; सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती; सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ आणि सी-२ए यांच्यातल्या एका अक्षरावर वाड्याचा जीव असतो. काँक्रीटच्या इमारतींसाठी असलेला हातोड्याचा प्रयोग मातीच्या भिंतीवर करून दिलेला अहवाल निरर्थक आहे. लाकूड आणि चुना समजणाऱ्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्यावा, आणि त्यात प्रत्येक खणाची स्थिती वेगवेगळी लिहून मागावी. तीन खण कमजोर असले म्हणून बारा खणांचा वाडा धोकादायक होत नाही. तड्यांवर चुन्याचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहावी. सहा महिन्यांत ठिपका फुटला नाही तर तो तडा जुना आहे, थांबलेला आहे. अहवालासोबत असे दिनांकित फोटो असले की बोलणं सोपं जातं. अर्थात खांब खरोखर सरकला असेल तर आधी माणसं बाहेर, वाडा नंतर.

भिडेवाड्याचं दुःख इथेच आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा सुरू केली ती वास्तू वर्षानुवर्षं वादात अडकली. वाद चालू असताना कौलं कुणी चाळली नाहीत. निकाल लागला तोवर जपण्याजोगं थोडंच उरलं होतं आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला गेला, स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं. पण वाद चालू असताना निदान छप्पर झाकून ठेवावं, असा हंगामी आदेश मागण्याची सवय आपल्याकडे लागायला हवी. खटला वीस वर्षं थांबतो, पाऊस थांबत नाही.

वारसांचं गणितही असंच. चौथ्या पिढीत एका वाड्याला वीस-पंचवीस नावं मालमत्ता पत्रकावर येतात; काही पुण्यात, काही बंगळुरूत, काही न्यू जर्सीत. सगळ्यांची सही मिळवून मोठं नूतनीकरण करू, असं म्हणणारे वाडे पडताना दिसतात. टिकतात ते वेगळ्या रीतीने: दोघा-तिघांच्या सहीचं एक खातं, दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आत प्रत्येकाकडून ठरलेली छोटी रक्कम, आणि तिच्यातून फक्त कौलं, पन्हळ आणि एक राखणदार. राखणदार नुसता कुलूप सांभाळणारा नको. आठवड्यातून एकदा सगळ्या खिडक्या उघडणारा हवा. बंद वाड्यात ओल कोंडते, लाकडातला ओलावा वीस टक्क्यांवर गेला की बुरशी सुरू होते, आणि गळती दिसली तरी सांगायला कुणी नसतं. एका सोप्यात मुलांची अभ्यासिका, देवडीत शिवणवर्ग, माडीवर तबल्याचा क्लास, असा कुठलाही साधा वापर कुलपापेक्षा चांगला. गोव्यातल्या जांभ्याच्या जुन्या घरांत, शिंपल्यांच्या खिडक्यांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. ज्या घरात चूल पेटते त्याचं छप्पर कोरडं असतं.

सागवानाबद्दल एक शेवटची गोष्ट. पाडलेल्या वाड्यांचे खांब, महिरपी, दरवाजे चांगल्या भावाने विकले जातात आणि शहराबाहेरच्या रिसॉर्टांत उभे राहतात. ज्यांना वाडा दुरुस्त करायचा आहे त्यांनी भंगारवाल्यांशी आणि लाकूडवखारींशी ओळख ठेवावी. जुन्या सागाची कडी मिळाली तर खिळ्यांच्या भोकांकडे आणि टोकांकडे बघून घ्यावी. कामात लागण्याआधी महिनाभर त्याच वाड्यात, सावलीत, खाली पाचरी ठेवून रचून ठेवावी, म्हणजे तिथल्या हवेशी ती जुळते.

आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस आला की माळ्यावर चढावं. हातात बॅटरी आणि खडू. बाहेर पाऊस पूर्ण जोरात असताना दहा मिनिटं नुसतं उभं राहावं, वर बघावं. जिथे थेंब दिसेल त्या वाशावर खूण करावी, आणि थेंब वाशावरून किती लांब वाहत गेला ते खालून वर पाहत जावं, कारण गळतं एका जागी आणि पडतं दुसऱ्या जागी. खुणा मोजून वहीत लिहाव्यात. दोन दिवस उघडीप मिळाली की सगळ्यांत वरच्या खुणेपासून कौलं उघडायला सुरुवात करावी.